वाल्पोलिचेल्ला कशी निवडावी, गार कशी ठेवावी आणि वैदर्भीय जेवणासोबत कशी घ्यावी

नागपूर किंवा अमरावतीच्या मोठ्या दुकानातून इटालियन लाल वाइनची एखादी बाटली गावी न्यायची असेल, तर सुरुवात वाल्पोलिचेल्लापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही वाइन अंगाने हलकी असते, तिच्यात तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर असतो, मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ११ ते १२.५ टक्क्यांच्या दरम्यान राहते आणि लाल वाइन असूनही थोडी गार करून घेतल्यास ती अधिक खुलते. इटलीत ती रोजच्या जेवणाची वाइन म्हणून दहा युरोंच्या आसपास मिळते. आपल्याकडे आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क लागत आले आणि त्यावर राज्याचे कर चढत गेले, त्यामुळे येथील किंमत तिकडच्या मानाने बरीच जास्त दिसते. तरीही वेरोना शहराजवळच्या त्याच टेकड्यांवरच्या, त्याच द्राक्षांपासून केलेल्या आमारोने या नावाजलेल्या भारी वाइनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

तिचा हलकेपणा हाच तिचा गुण आहे, आणि उष्णतेत सर्वांत आधी नासतो तोही हाच. भारी वाइनमध्ये तुरटपणा, मद्यार्क आणि लाकडी पिंपांचा वास यांच्याआड थोडाफार बिघाड झाकला जातो. वाल्पोलिचेल्लात ताजेपणा गेला की मागे फारसे काही उरत नाही. म्हणून वेरोनाजवळच्या टेकड्यांवरून निघालेली ही बाटली अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या हवेत ताजी कशी ठेवावी, याचा विचार दुकानात पाऊल टाकल्यापासूनच करावा लागतो.

त्याआधी कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो आणि खरेदीच्या वेळी तो सोबत असावा. वर्धा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. नागपूरहून अमरावतीकडे जाणारा महामार्ग कारंजा घाडगे आणि तळेगाव या भागात वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि यवतमाळकडे जाणारा नेहमीचा रस्ताही वर्धा जिल्हा ओलांडूनच पुढे सरकतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून पश्चिम विदर्भातील वाचकांनी अमरावती, अकोला किंवा यवतमाळ येथेच खरेदी करावी, आणि बंदी असलेल्या जिल्ह्यातून जाणे भागच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. दारूने आपल्या भागातील कित्येक संसारांची धूळधाण केली आहे आणि गडचिरोलीची बंदी लोकांच्या आंदोलनातून आली आहे, याचा मान राखूनच हा विषय मी मांडत आहे. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. लाल वाइन हृदयाला हितकर असते या समजुतीपोटी तर मुळीच नाही, कारण मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

वेरोनाच्या उत्तरेकडील टेकड्या

इटलीच्या ईशान्येस वेनेतो हा प्रदेश आहे. त्यातील वेरोना शहराच्या उत्तरेला, लेस्सिनी पर्वताच्या पायथ्याशी, दक्षिणेकडे उतरत आलेल्या दऱ्या एकीशेजारी एक पसरलेल्या आहेत. पश्चिमेला आदिजे नदी वाहते आणि तिच्या पलीकडे गार्दा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर आहे. उत्तरेचे डोंगर थंड वारे अडवतात, सरोवरामुळे हिवाळा सौम्य राहतो आणि रात्री उंचावरची गार हवा दऱ्यांत उतरते. दिवसाच्या उन्हाने द्राक्ष पिकते, पण रात्रीच्या गारव्यामुळे त्यातील आंबटपणा टिकून राहतो, आणि वाल्पोलिचेल्लाची सारी मजा या आंबटपणावर उभी आहे. नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो या पाच गावांचा परिसर हा या भागाचा जुना गाभा होय, आणि बाटलीवर ‘क्लासिको’ हा शब्द फक्त याच परिसरातील वाइनला लावता येतो. येथील जमीन बव्हंशी चुनखडीची आहे, मात्र मारानोच्या बाजूला ज्वालामुखीजन्य खडकाचे पट्टेही आढळतात. उतारांवर दगड रचून केलेल्या बांधांमागे पायऱ्यापायऱ्यांच्या बागा दिसतात.

या भागात द्राक्षे सुकवून वाइन करण्याची परंपरा फार जुनी आहे. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजवटीचा मंत्री कासिओदोरस याने वेरोना परिसरातील सुकवलेल्या द्राक्षांची वाइन दरबारासाठी मिळवण्याविषयी लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. याच परंपरेतून पुढे गोड रेचोतो आणि कोरडी, दणकट आमारोने या वाइन आल्या. आमारोनेसाठी द्राक्षे तोडल्यानंतर हवेशीर माळ्यावर सुमारे तीन-चार महिने सुकवतात, त्यामुळे रस आटतो, साखर वाढते आणि मद्यार्क किमान १४ टक्क्यांपर्यंत जातो. साधी वाल्पोलिचेल्ला मात्र ताज्या द्राक्षांचीच असते. दोहोंची द्राक्षे आणि टेकड्या एकच आहेत, आणि तरीही ग्लासात दोन्हींचा काही संबंध आहे असे वाटत नाही, इतका फरक केवळ सुकवण्याने पडतो.

१९६८ साली वाल्पोलिचेल्लाला इटलीच्या कायद्याखाली डी.ओ.सी. हा संरक्षित उगमाचा दर्जा मिळाला, पण त्याच वेळी तिची हद्द जुन्या पाच गावांच्या बाहेर, पूर्वेकडील दऱ्यांपर्यंत आणि खाली सुपीक सपाट जमिनीपर्यंत वाढवण्यात आली. याचा परिणाम विदर्भातील शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही: भारी जमिनीत पाणी आणि खत जास्त झाले की पऱ्हाटी नुसती माजते, पाला दाटतो आणि बोंडे मात्र मनासारखी भरत नाहीत, सपाटीवरच्या द्राक्षवेलींचे तसेच झाले. घड उदंड आले, पण रस पाणचट झाला, आणि स्वस्तात खपणाऱ्या या फिक्या वाइनमुळे वाल्पोलिचेल्लाचे नाव पुढची दोन दशके उतरणीला लागले. त्यानंतर आमारोनेला जगभर मागणी आली आणि दुसरेच संकट उभे राहिले, कारण अनेक बागाईतदार उत्तम घड सुकवण्यासाठी बाजूला काढू लागले आणि ताज्या वाइनच्या वाट्याला उरलेला माल येऊ लागला. म्हणूनच ताज्या वाइनलाही चांगली द्राक्षे देणारा उत्पादक निवडणे महत्त्वाचे ठरते. अशा उत्पादकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण भारी वाइनमधला जास्तीचा पैसा सोडून ते ही साधी वाइन जपत आहेत.

या वाइनचा कणा म्हणजे कोर्विना हे द्राक्ष. नियमानुसार मिश्रणात ते ४५ ते ९५ टक्के असते, त्यातील काही भाग कोर्विनोने या जातीचा घेता येतो, आणि रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के असते. मोलिनारा ही फिक्या रंगाची जात पूर्वी सक्तीची होती, आता ऐच्छिक आहे. कोर्विनाची साल जाड असली तरी तिच्यात रंग आणि तुरटपणा बेताचाच असतो, त्यामुळे वाइन माणकासारखी पारदर्शक लाल दिसते, वास आंबट चेरीचा येतो आणि घोट गेल्यावर कडू बदामाची किंचित छटा मागे राहते. या वेलीच्या काडीवरचे बुडाजवळचे डोळे बहुधा फळ देत नाहीत, म्हणून काडी लांब राखावी लागते, आणि त्यासाठी वेरोनाकडे मांडवाची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या मांडवाप्रमाणेच तेथेही घड पानांच्या सावलीत लोंबतात आणि उन्हाच्या चटक्यापासून वाचतात. द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते. रस सालींसोबत थोडेच दिवस ठेवतात, पुढे बहुतेक उत्पादक वाइन स्टीलच्या टाक्यांत राखतात आणि पुढील वर्षी ती बाटलीत भरतात.

दुकानात काय पाहावे

लेबलवर ‘वाल्पोलिचेल्ला’ या नावाच्या मागेपुढे दुसरे कोणते शब्द आहेत, हे आधी वाचावे. नुसते ‘वाल्पोलिचेल्ला’ किंवा ‘वाल्पोलिचेल्ला क्लासिको’ असेल तर ती आपल्याला हवी असलेली हलकी वाइन आहे, आणि दोन्हींच्या किमतीत फार फरक नसेल तर क्लासिको घ्यावी. ‘सुपेरिओरे’ असेल तर ती किमान एक वर्ष मुरवलेली आणि किमान १२ टक्के मद्यार्काची असते. चांगली असते, पण थोडी भरीव. ‘रिपास्सो’ मात्र वेगळी. आमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवून ती करतात, त्यामुळे ती जाड, गडद आणि महाग होते. दुकानदार पुष्कळदा हीच ‘अधिक चांगली’ म्हणून पुढे करतात, परंतु आपल्या हवामानात आणि आपल्या जेवणासोबत ती जड पडते. वाल्पोलिचेल्ला मिळालीच नाही तर शेजारच्या गार्दा सरोवराच्या आग्नेय काठावरची बार्दोलिनो घ्यावी. तीही मुख्यतः कोर्विनाचीच असते आणि आणखी हलकी असते.

त्यानंतर साल पाहावे. ही वाइन मुरवत ठेवण्याची नाही. तोडणीच्या वर्षापासून तीन वर्षांच्या आतली बाटली घ्यावी आणि चार-पाच वर्षे जुनी बाटली सवलतीत मिळत असली तरी सोडून द्यावी. बूच लाकडी आहे की फिरकीचे, यावरून दर्जा ठरत नाही. ताजेपणा टिकवण्यास फिरकीचे झाकण उत्तमच असते, आणि गावात बूच काढण्याचा स्क्रू ऐन वेळी सापडत नाही हा अनुभव सर्वांचाच आहे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी उन्हाची. बाटली काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली किंवा रस्त्याकडच्या उन्हात उभी असेल तर ती घेऊ नये. मानेवरच्या आवरणाखाली बूच वर उचलले गेले आहे का, हे अंगठा फिरवून पाहावे; कडेला चिकट ओघळ सुकलेला असेल, किंवा वाइनची पातळी मानेतून खाली उतरलेली असेल, तर ती बाटली कुठेतरी तापली होती हे निश्चित समजावे. तापलेल्या द्रवाचे आकारमान वाढते, तो बुचाला बाहेर ढकलतो, आणि थंड होताना तीच फट हवा आत ओढते. गोदाम वातानुकूलित आहे का, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच करू नये.

खरेदीचा योग्य काळ कार्तिकापासून होळीपर्यंतचा. या काळात आणलेली वाइन घरात महिना-दोन महिने सहज राहते. मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात माजघरातील अंधारा कोपरा त्यासाठी चांगला. स्वयंपाकघरातील फळी आणि टिनाच्या छपराखालची खोली टाळावी. होळीनंतर मात्र साठा करू नये. वैशाखात बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा आतल्या खोलीचे तापमानही रात्रभर तिशीच्या वरच राहते, आणि असे काही आठवडे गेले की चेरीचा वास जाऊन शिजलेल्या मुरंब्याचा वास येऊ लागतो. उन्हाळ्यात आणायचीच असेल तर पहाटे किंवा रात्री प्रवास करावा, बाटली थर्मोकोलच्या डब्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीसोबत ठेवावी, उभ्या मोटारीच्या डिकीत तासभरही सोडू नये, आणि घरी येताच ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी.

गार करण्याची रीत

लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. आपल्या खोलीचे तापमान त्यात गृहीत धरलेले नाही. वाल्पोलिचेल्ला १४ ते १६ अंशांना घ्यावी. त्याहून गरम असली तर मद्यार्काचा भपका नाकात शिरतो आणि चव सैल पडते. फार गार केली तर वास मिटतो आणि तुरटपणा तेवढा वर येतो.

बाटली खोलीत असेल तर उन्हाळ्यात फ्रिजमध्ये दोन ते अडीच तास आणि हिवाळ्यात पाऊण-एक तास पुरतो. ती आधीपासून फ्रिजमध्येच असेल तर जेवणापूर्वी काढून ठेवावी. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांत ती योग्य तापमानावर येते, हिवाळ्यात अधिक वेळ लागतो. भारनियमनामुळे फ्रिजचा भरवसा नसेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मेनिम्मे घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात ती सावकाश गार होते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. पाणी काचेला सर्व बाजूंनी टेकते, त्यामुळे पंधरा ते वीस मिनिटांत काम होते. बर्फ थोडाच असेल तर आधी ओल्या फडक्याचा उपयोग करावा: सुती फडके भिजवून बाटलीभोवती गुंडाळावे आणि ती पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांतील आपल्या कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन इतक्या वेगाने होते की बाटली बावीस ते चोवीस अंशांपर्यंत उतरते. त्याखाली ती केवळ फडक्याने जात नाही, पुढचे काम बर्फाने करावे. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हा उपाय लागू पडत नाही. पौषातल्या रात्री मात्र यातले काहीच करावे लागत नाही. दिवेलागणीनंतर बाटली अंगणातल्या ओट्यावर ठेवली की जेवणाच्या वेळेपर्यंत ती जवळजवळ हवी तशी होते.

ग्लासात आणि ताटात

स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि वासही नीट साठत नाही, म्हणून तोंडाशी किंचित निमुळता असलेला साधा काचेचा ग्लास घ्यावा आणि तो एक-तृतीयांशच भरावा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच माफक ग्लास होतात. उन्हाळ्यात एका वेळी त्याहूनही कमी ओतावे, कारण ग्लासातली वाइन दहा मिनिटांत गरम होते, आणि उरलेली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळूनच ताटाजवळ ठेवावी. पहिल्या घोटाआधी वास घ्यावा. ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर तो खराब बुचाचा दोष आहे. अशी वाइन आरोग्याला घातक नसते, पण ती पिण्यात अर्थ नाही.

जेवणाचा मेळ घालताना एक तत्त्व धरावे. वाइनचा आंबटपणा तेला-तुपाचा जडपणा कापतो, आणि आंबट पदार्थासमोर तितकीच आंबट वाइन टिकते. वेरोनाकडे मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता मांसाच्या किंवा अळंब्यांच्या रश्शासोबत खातात आणि सोबत हीच वाइन घेतात. आपल्याकडे तिला सर्वांत शोभतात ते गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडग्याचा खरपूस धुरकट वास, त्यात मुरलेले तूप आणि वांग्याचा मऊपणा यांना चेरीचा आंबटपणा इतका सहज मिळतो की मी दुसरी जोडी त्याच्या वर ठेवणार नाही. वरून कडकडीत फोडणीचे तेल घेतलेला गोळाभातही असाच जुळतो. सांबारवडीत सांबार म्हणजे कोथिंबीर आणि खोबरे यांचा सुगंध असतो, वर तळणीचे तेल, म्हणून ती गार वाइनसोबत जेवणाआधी द्यावी. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर यांसोबत बहुतेक लाल वाइन फिक्या पडतात, ही मात्र टिकते. हिवाळ्यात शेतावर हुरडा आणि जवसाची चटणी असेल, किंवा मीठ-लसूण लावून निखाऱ्यावर भाजलेली गावरान कोंबडी असेल, तर वेगळा बेत करण्याची गरज नाही.

सावजी रश्शाविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. मद्यार्क तिखटाची आग वाढवतो आणि तुरटपणा ती अधिक बोचरी करतो. हलकी आणि गार असल्यामुळे वाल्पोलिचेल्ला इतर लाल वाइनपेक्षा सुसह्य ठरते, परंतु काळ्या मसाल्याच्या तर्रीपुढे तिचा वास पूर्णपणे लोपतो. सावजीचा बेत असेल त्या दिवशी वाइन आधी, पातोडी किंवा भाजलेल्या मटणासोबत संपवावी आणि रश्शासोबत पाणी किंवा मठ्ठा घ्यावा. पुरणपोळीसोबतही ती नको, कारण गोड घासानंतर ही कोरडी वाइन आंबट आणि कडवट लागते.

बाटली उघडल्यावर उरलेली वाइन बूच घट्ट बसवून लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. ती दोन, फार तर तीन दिवस चांगली राहते. उरलेली वाइन एखाद्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवल्यास आत हवा कमी राहते आणि ताजेपणा आणखी एखादा दिवस टिकतो. त्यानंतर ती ग्लासात घेण्याजोगी नसली तरी आंबून व्हिनेगरचा वास आलेला नसेल तोवर कोंबडीच्या किंवा मटणाच्या मुरवणात आले-लसणासोबत वापरता येते, आणि मांस मऊ करण्यास तिच्यातला आंबटपणा मदत करतो.